बिनबोकडाचा रस्सा

जिजी मटणाची चव स्वतः कधीच बघायच्या नाहीत. रविवारी वाटीत थोडा रस्सा घेऊन त्या अंगण ओलांडून माझ्या दाराशी यायच्या, वाटी माझ्या हातात द्यायच्या आणि भिंतीकडे तोंड करून उभ्या राहायच्या. "मीठ बगा, सिस्टरबाई." बस, एवढंच. मी चव घेऊन "बरोबर आहे" म्हणेपर्यंत त्या वळायच्या नाहीत. खाणाऱ्याच्या तोंडाकडे बघायचंसुद्धा नाही, असा त्यांचा नेम होता.

मी दिंद्रुडला आरोग्य उपकेंद्रात नर्स म्हणून आले तेव्हा जिजींच्या अंगणातल्या दोन खोल्या मला भाड्याने मिळाल्या. जिजींचे यजमान म्हणजे बप्पा. मोठे शेतकरी, गावच्या राजकारणातले जुने खेळाडू, भरदार शरीर आणि पांढऱ्या मिशा. रविवारी त्यांच्या ओसरीवर पंगत ठरलेली. कुणी माजलगावहून यायचं, कुणी उमापूरहून. भाजलेलं खोबरं, निखाऱ्यावरचा कांदा आणि धान्य-मसाले भाजून दळलेलं येसराचं पीठ घालून जिजी जो काळा रस्सा करायच्या, त्याची तारीफ करत लोक चार चार भाकरी चुरायचे. बप्पांची निम्मी मतं त्या रश्शातून यायची असं गावात उघड बोललं जायचं. पण रस्सा करणाऱ्या बाईला त्यातला थेंब चालत नव्हता.

त्यामागचं कारण मला त्यांनीच एकदा शेंगा फोडता फोडता सांगितलं. बप्पांना ऐन तारुण्यात कावीळ झाली होती. घरच्यांनी आशा सोडली होती. तेव्हा जिजी परळीच्या वैजनाथासमोर पदर पसरून म्हणाल्या होत्या, "मालक उठू दे, मी वशाट सोडते." मालक उठले. उठले आणि पहिल्या रविवारी मटणच मागितलं.

"मग तुम्ही केलंत?"

"न करून सांगू कुनाला? त्येंच्यासाटीच तर सोडलं, त्येनला कावून सोडायला लावू?" आणि मग शेंगेवरची नजर न काढता म्हणाल्या, "लई आवडायचं वो मला. माहेरी मला नळीची हाडं येगळी काडून ठेवायचे."

एका रविवारी ओसरीवर मोठी पंगत झाली. पाहुणे गेले, बप्पा आत जाऊन झोपले. जिजींचं ताट माझ्याकडे राहिलं होतं, ते द्यायला मी मागच्या दाराने गेले. भांडी घासायच्या जागी, दगडाआड, जिजी बसल्या होत्या. मांडीवर मटणाचं भगुनं घेऊन भाकरीच्या तुकड्याने त्या त्याची खरवड पुसत होत्या. पुसत होत्या आणि खात होत्या. घाईने, न चावता, मान खाली घालून.

माझी चाहूल लागली आणि त्यांनी वर बघितलं. तोंडात घास तसाच. आधी त्यांनी भगुनं पालथं केलं, मग पदर ओढून सगळा चेहरा झाकून घेतला. मी ताट उंबऱ्यावर ठेवून परत फिरले. कुणाचं न्हाणीचं दार चुकून उघडावं तशी मलाच लाज वाटली. खोलीत येऊन बसले तरी कान तापलेलेच होते.

पुढच्या रविवारी वाटी आली नाही. त्यानंतरच्याही नाही. मग एका संध्याकाळी जिजी स्वतः आल्या आणि दारातच बसल्या. आत या म्हटलं तर आल्या नाहीत.

"तुमी बगितलं."

"काय?"

"खोटं बोलू नगा. पयल्यांदाच खाल्लं, वैजनाथाची आन. इतकी वर्सं हात लावला नव्हता. त्या दिवशी काय झालं काय म्हाईत, हातच जाईना भगुनं धुवायला." त्या जमिनीवर बोटाने रेघा ओढत होत्या. "म्हातारपनी जीभ उघडी पडली माजी. सोमवार धरलेत आता. पानीबी पीत न्हाई."

त्यांचं रक्त आधीच कमी होतं, मीच तपासलं होतं. त्यात हे कडक उपवास. रागवायला तोंड उघडलं पण त्यांच्याकडे बघून रागवता येईना. अंगणात त्या वर्षीच्या सोयाबीनची थप्पी लावलेली होती, पोत्यावर पोतं. माझी नजर तिकडे गेली.

"जिजी, सोयाबीनच्या वड्या खाल्ल्यात कधी?"

"सोयाबीन? ते तेलाला जातंय अन् पेंड ढोराला. मानसं खात्यात व्हय ते?"

दुसऱ्या दिवशी मी दुकानातून वड्यांचं पाकीट आणलं. गरम पाण्यात भिजवून, पिळून, जिजींच्याच मसाल्यात भाजी करून नेली. त्यांनी एक वडी चावली आणि बऱ्याच दिवसांनी त्यांना हसताना बघितलं. "सिस्टरबाई, ह्यो तर गादीतला कापूस हाय!" पण वाटी परत दिली नाही. वडी बोटांनी दाबून बघत राहिल्या, मग म्हणाल्या, "आतलं पानी नीट गेलं न्हाई. जरा माज्या हातानं करून बगते."

त्यांच्या हाताने त्या वड्यांचं काय झालं ते मी कसं सांगू? दोनदा पिळून, आलं-लसूण-हळद चोळून मुरत ठेवल्या, तेलात तांबूस परतल्या, आणि मग येसराच्या रश्शात मंद चुलीवर इतका वेळ ठेवल्या की मसाला थेट गाभ्यापर्यंत गेला. वडीला दाताखाली धागा आला. मी मटण खाणारी, मीसुद्धा क्षणभर फसले. जिजींनी पहिला घास घेतला आणि डोळे मिटले. भाकरी संपेपर्यंत उघडले नाहीत.

मला वाटलं, झालं काम. मी उत्साहाने त्या वड्यांचे गुण सांगायला लागले. अंगात ताकद येते, पोटाला जड नाही, कुणाचा जीव जात नाही, आणि तुमच्याच रानातलं पीक. जिजींनी सगळं ऐकून घेतलं.

"तुमचं समदं बरूबर हाय. जीब सोयाबीनच खातीय, मला कळतंय. पन मन तर बोकडाचंच खातंय ना?"



तरी त्या करत राहिल्या. त्यांच्या चेहऱ्यावर जरा तजेला आला, सोमवारचं पाणी पुन्हा सुरू झालं. पण खायच्या मात्र चोरून. सगळ्यांची जेवणं झाल्यावर, दाराला कडी घालून. सून पुण्याहून आली की वड्यांचं पाकीट पिठाच्या डब्याआड जायचं. "लोक काय म्हनतील? नवस केला अन् तोंडानं मटनाचं सोंग करती म्हनतील." वासनेचीच त्यांना शरम होती, आणि शरमेवर माझ्या पेटीत गोळी नव्हती.

मग बप्पांच्या छातीत दुखलं. बीडला नेलं, पुढे छत्रपती संभाजीनगरला नेऊन रक्तवाहिनीत स्प्रिंग बसवली. घरी आले ते निम्मे होऊन. डॉक्टरांनी मटण बंद केलं. रविवारी ओसरी रिकामी राहायला लागली. पंगत नाही म्हटल्यावर माणसंही येईनात. बप्पा दोडक्याच्या भाजीचं ताट सरकवून द्यायचे आणि भिंतीला टेकून रस्त्याकडे बघत बसायचे.

एका रविवारी मी बीपी बघायला गेले तेव्हा जिजी ताट घेऊन बाहेर आल्या. वाटीत काळा रस्सा होता. बप्पांनी एक घास खाल्ला, दुसरा खाल्ला, आणि दचकून वर बघितलं.

"आगं, मटन? मारती का मला?"

"मटन न्हाई. सोयाबीन हाय."

"खुळी झाली का? मला मटन कळत न्हाई व्हय?"

"सिस्टरबाईला इचारा."

मी मान डोलावली. बप्पांनी वडी तोडून उजेडात धरली. "तुला कुटून आलं ह्ये?"

आणि मग जिजींनी सगळं सांगितलं. वड्यांचं, कडी लावून खाण्याचं, आणि शेवटी भगुन्याचंही. उभ्यानेच, खांबाला धरून. "तुमच्या छातीत दुकलं ते माज्यामुळं. मी नवस मोडला. खरवड खाल्ली मी." एवढं बोलून त्यांनी पदर तोंडाशी धरला.

बीपीचा पट्टा माझ्या हातात तसाच होता. उठून जावं की बसावं कळत नव्हतं.

बप्पांनी हातातली वडी ताटात परत ठेवली. मग म्हणाले, "माज्या छातीत मीच खाल्लेलं साचलंय. डॉक्टरनं फोटोत दावलं मला. तुज्या खरवडीचं काय त्यात? दर ऐतवारी तुज्याकडून रांदून घेतलं. चार लोकांत मिशीला पीळ दिला. तुला काय वाटत आसंल, ह्ये कवा मनातबी आलं न्हाई माज्या."

मी बप्पांना भर सभेत विरोधकांना गप्प करताना बघितलं होतं. त्या दिवशी त्यांना बायकोकडे मान वर करून बघता येत नव्हतं. त्यांनी ताट जमिनीवर मधोमध सरकवलं. "बस."

"सिस्टरबाईसमोर?"

"व्हय. बस."

जिजी बसल्या. जरा कडेला, अंग चोरून. दोघंही खाली बघत एका ताटातून जेवले. मी पट्टा गुंडाळून निघून आले.

पुढच्या वर्षी माझी बदली धर्मापुरीला झाली. निघायच्या दिवशी जिजींनी मला जेवायला बोलावलं. स्वयंपाकघरात गेले तर चुलीसमोर पाटावर बप्पा बसलेले. बाह्या वर केलेल्या, पुढ्यात भिजलेल्या वड्यांची परात, आणि एकेक वडी मुठीत धरून पिळणं चाललेलं. मला बघून ते ओशाळले. "हिच्या हातात जोर राह्यला न्हाई आता," म्हणाले, आणि पुन्हा पिळायला लागले.

तेवढ्यात बाहेरून हाक आली. "बप्पा! हाव का घरात?" ओसरीवरचेच जुने दोघंतिघं होते, निवडणूक जवळ आली होती. बप्पांचे हात परातीतच थांबले. त्यांनी आधी स्वतःच्या ओल्या हातांकडे बघितलं, मग जिजींकडे, आणि परात पाटाआड सरकवायला लागले.

जिजी उठल्या, दाराशी गेल्या. आयुष्यात नवऱ्याविषयी खोटं बोलल्या नसतील, पण दार पाठीशी ओढून घेत त्या मोठ्याने म्हणाल्या, "रानात गेलेत ते. संध्याकाळी या."

पावलं लांब गेल्यावर त्या आत आल्या. बप्पा मान खाली घालून बसले होते.

"गेले. पिळा तुमी निवांत," जिजी म्हणाल्या, आणि त्यांच्या शेजारी बसून लसूण सोलायला लागल्या.