बाहेरची खोली

आजाऱ्याच्या घरात पाऊल टाकण्याआधी सिस्टरबाई मनगटावरचं घड्याळ काढून पर्समध्ये टाकायच्या. "आपण घड्याळाकडे बघितलं की आजारी माणसाला कळतं," म्हणायच्या. मग पदर खोचून पहिला प्रश्न, "पाणी तापलंय का?"

तुमच्याही गल्लीत अशी एखादी बाई असेल. अडल्या वेळी तिला सगळे बोलावतात, पण तिच्या घरी चहाला कुणी जात नाही. गंगापूर रोडच्या मागे आमची कॉलनी होती, तिथे ही बाई म्हणजे सिस्टरबाई. मिशनच्या एका दवाखान्यातून निवृत्त झालेल्या, एकट्या. पांढरी साडी, काळी छत्री. रविवारी शरणपूरला चर्चमध्ये चालत जायच्या. उरलेले सहा दिवस आमच्यापैकी कुणाचं ना कुणाचं अंग पुसत असायच्या.

समोरच्या बंगल्यात एक निवृत्त मामलेदार राहायचे. सिस्टरबाईंच्या घरी चार बायका जमून प्रार्थनेची गाणी म्हणू लागल्या की हे खिडक्या आपटून बंद करायचे. पुढे मामलेदारांचं खुब्याचं हाड मोडलं आणि सिस्टरबाई महिनाभर त्यांना स्पंज करायला गेल्या. त्यांचा आरडाओरडा आम्हाला रस्त्यावर ऐकू यायचा. "पाणी किती गरम! माणूस धुताय की कोंबडी सोलताय?"

"आवाज छान सुटलाय," सिस्टरबाई म्हणायच्या. "रविवारी गायला या."

मी शाळामास्तर, त्यामुळे प्रश्न विचारायचा मला हक्कच. एकदा म्हटलं, "सिस्टर, लोक म्हणतात, तुम्ही हे सगळं धर्म बदलायला करता."

त्या हसल्या. "मास्तर, शेजाऱ्यावर प्रेम करायला सांगितलंय आम्हाला. इतकी वर्षं झाली, मला अजून त्या मामलेदारांवर जमत नाही. माझाच धर्म पुरता बदललेला नाही, दुसऱ्याचा कुठे बदलू?"

नव्वदचं दशक संपत आलं होतं, तेव्हा माझा थोरला भाऊ घरी परतला. दादा ट्रक चालवायचा. मालेगावहून कापडाचे गठ्ठे भरून आग्रा रोडने लांब लांब जायचा. आला तेव्हा ओळखू येईना, इतका वाळला होता. तपासणीत एड्स निघाला. घरात आम्ही त्या शब्दाऐवजी नुसतं 'ते' म्हणू लागलो.

दादाला बाहेरच्या खोलीत ठेवलं. ताट वेगळं, तांब्या वेगळा. माझी बायको ताट उंबऱ्याशी ठेवून मागे सरायची. तिला काय बोलणार? पहिले दोन-तीन दिवस मी खिडकीतून "बरं आहे ना?" विचारून शाळेत निघायचो. पुढे तेही सुटलं. हात लावल्याने हा आजार होत नाही, हे मी वर्गात मुलांना शिकवत होतो. पाय मात्र त्या खोलीकडे वळत नव्हते. सायखेड्याला गोदावरीत मला पोहायला दादानेच शिकवलं होतं. पोटाखाली हात धरून. मी "सोडू नको" म्हणायचो आणि तो सोडायचा नाही.

चौथ्या दिवशी सिस्टरबाई न बोलावता आल्या. आत गेल्या आणि दार लोटून घेतलं. "ड्रायव्हरसाहेब, गाडी धुवायला आलेय," असं त्या म्हणाल्याचं ऐकू आलं. आणि मग दादाचं हसणं. घरी आल्यापासून तो हसला नव्हता.

एके दुपारी मी शाळेतून परतलो, तर त्या पायरीवर थांबल्या होत्या.

"मास्तर, दोन मिनिटं आत या. ते वाट बघतात तुमची."

"उद्या नक्की येतो, सिस्टर. पेपर तपासायचेत."

त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी नुसती मान हलवली. चार दिवसांनी पुन्हा विचारलं, मी पुन्हा उद्या म्हणालो. तिसऱ्यांदा त्यांनी विचारलं नाही.

सात आठवड्यांनी, सकाळी मी दाढी करत असताना त्या मागच्या दाराशी आल्या. "गेले," म्हणाल्या. "शांतपणे गेले." दादाला त्यांनीच आंघोळ घातली, त्याचा भांग पाडला. कॉलनीतलं कुणी आलं नाही.

त्यानंतर त्या रस्त्यात दिसल्या की मी दुसऱ्या गल्लीने जायचो. बाहेरच्या खोलीला रंग दिला, तिथे मुलीचं अभ्यासाचं टेबल ठेवलं. तरी त्या खिडकीवरून जाताना आत कुणीतरी खाकरल्यासारखं वाटायचं. मी थांबायचो. आत मुलगी पाढे म्हणत असायची.

सात-आठ वर्षांनी सिस्टरबाईंना विसर पडू लागला. त्यांची भाची त्यांना मालेगावला घेऊन गेली. एका रविवारी मी एसटीत बसलो आणि गेलो. काय बोलायचं ते वाटेत दहा वेळा जुळवलं होतं.

शेजारच्या घरात यंत्रमाग चालू होते. "मावशी कुणालाच ओळखत नाही हो," भाची म्हणाली. "वाईट वाटून घेऊ नका."

खाटेवरून सिस्टरबाईंनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. मग चेहरा उजळला. माझा हात हातात घेतला, बोटं सवयीने नाडीवर गेली.

"ड्रायव्हरसाहेब! आज बरे दिसता."

दादा आणि मी तोंडावळ्याने एकसारखे. मी मास्तर, असं सांगायला तोंड उघडलं, पण त्याच पुढे वाकून हळूच बोलू लागल्या.

"आता रडायचं नाही. मास्तर येऊन गेले ना सकाळी. तुमचा डोळा लागला होता. पायाशी बसले होते किती वेळ. उठवू का म्हटलं, तर म्हणाले, झोपू द्या त्याला."

"हे असंच काहीतरी बोलत असते," भाची म्हणाली.

"रोज येतात ते," सिस्टरबाईंनी माझा हात दाबला. "कपाळावर हात ठेवतात. तुम्हाला झोपेत कळत नाही."

मागांची खटखट चालू होती. एसटीत जुळवलेली माफी मी बाजूला ठेवली.

"हो, सिस्टर," शेवटी मी म्हणालो. "कळतं मला."

त्यांचं समाधान झालं. डोळे मिटून घेतले.

त्याच वर्षी नाताळच्या आधी त्या गेल्या. मी जाऊन मूठभर माती घातली आणि परत आलो.

दादाची झोप फार सावध होती. वर्षानुवर्षं ट्रकच्या केबिनमध्ये झोपलेला माणूस तो. बाहेरून कुणी टायरला हात लावला तरी जागा व्हायचा. बाहेरच्या खोलीत सिस्टरबाईंनी रोज सांगितलेलं ते त्याने खरं मानलं, की त्यांचं मन मोडू नये म्हणून नुसतं हं म्हटलं, हे सांगू शकतील अशी दोनच माणसं होती.