दादाची हळद आणि पनामाचा शिक्का

परत येऊन आता बरेच महिने झाले, पण त्या ट्रिपचे किस्से संपता संपेनात यार! एक सांगायला घ्यावा, तर त्याचं शेपूट धरून दुसरा बाहेर येतो. त्यात अंजूर फाट्यावर चहाला मोहसीन बरोबर असला की विचारूच नका. मी तोंड उघडायच्या आत हा म्हणणार, "अरे वो छोड, वो पुलिसवाला बता!"

आणि गंमत म्हणजे सगळ्यात भारी किस्से एकाच दिवसाचे आहेत. आमच्या टाइमटेबलमध्ये त्या दिवसापुढे लिहिलं होतं, 'प्रवास. आराम करा.' आराम!

आधी मंडळी सांगते. मी आणि मोहसीन दोघं भिवंडीचे, एकाच कॉलेजचे. त्याच्या घरी लूम, माझ्या पप्पांची मानकोलीला गोडाऊनं आणि टेम्पो. आमची निवड झाली व्हॉलंटिअर म्हणून. दोन महिने कोस्टा रिकातल्या एका गावात शाळेच्या भिंती रंगवायच्या, पोरांना खेळ शिकवायचे, मग एक महिना शेजारच्या पनामात तेच. बरोबर लुकास, जर्मन, इतका उंच की दारातून वाकून येणार. आणि आमची लीडर मार्ता. तिथलीच, पन्नाशीची, शिस्तीची एकदम कडक.

तर कोस्टा रिकाहून पनामाला जायचा दिवस ठरला. आणि इकडे घरी माझ्या दादाच्या लग्नाचा मुहूर्त निघाला. हळद कुठल्या दिवशी? बरोब्बर त्याच दिवशी!

मी एकुलती एक बहीण, म्हणजे करवली मीच. फोनवर भोकाड पसरलं मी. तर दादा म्हणाला, "रडतेस कशाला? तू व्हिडिओ कॉलवर दिसल्याशिवाय मी हळद लावूनच घेणार नाही. शब्द!" हे तो अख्ख्या घरासमोर बोलला. आता आमच्यात नवऱ्याची उष्टी हळद नवरीकडे जाते, मग तिला लागते. म्हणजे मी दिसले नाही तर मानकोलीत दादा कोरडा, आणि तिकडे अंबाडीला वहिनीही कोरडी! आमच्याकडे रात्री हळद, तेव्हा माझ्याकडे सकाळ. नेमकी बॉर्डरवरची सकाळ.

* * *

उजाडताना मी बस स्टॉपवर हजर. पिवळी साडी, केसात पिवळी फुलं, पाठीवर ही एवढी सॅक आणि पायात ट्रेकिंगचे शूज.

मार्तानं वरून खालपर्यंत बघितलं. "रुचा, आपण बॉर्डरला चाललोय की पार्टीला?"

"दोन्हीकडे!"

हळदीला आमच्यात सगळं खानदान पिवळं घालतं, हे मी सांगितलं मात्र, लुकास गायब. परत आला तो पिवळा रेनकोट घालून. आभाळ स्वच्छ! मोहसीननं गळ्यात पिवळा टॉवेल टाकला. मार्तानं कपाळावर हात मारला, आणि मग गुपचूप सॅकमधून रस्त्यावर काम करणाऱ्यांचं ते चमकणारं पिवळं जॅकेट काढून चढवलं!

बसमध्ये चढलो तर शेजारच्या सीटवरच्या जाड्या मावशी आमच्याकडे एकटक बघतायत. शेवटी त्यांनी मार्ताला विचारलं, "तुम्ही कुठल्या चर्चचे?"

मार्ता म्हणाली, "चर्च नाही हो. हिच्या भावाचं लग्न आहे, म्हणून पिवळं."

मावशींना काही ते पटेना. थोड्या वेळानं परत वाकल्या. "बरं, तुमच्यात दारू चालते का?"

मार्तानं मला विचारलं. मी म्हटलं, "आमच्या हळदीला? तीच तर चालते!"

मावशींनी सॅकसकट माझा हात धरला. "मग मी येते तुमच्यात."

* * *

आता पप्पा. पप्पांना मी सकाळीच लाइव्ह लोकेशन पाठवून ठेवलं होतं. चूक झाली! ज्या माणसानं आयुष्यभर टेम्पो कुठं पोचला हेच बघितलंय, त्याला कोणी मुलीचं लोकेशन देतं का?

हळदीचा मांडव भरलेला, पाहुणे जेवतायत, आणि पप्पा मोबाईलवर माझी बस बघतायत. बस जरा थांबली की फोन.

"बाय, गारी का थांबली? टायर गेला काय?"

"पप्पा, माणसं उतरतायत."

"येवरा टाइम? क्लिनर काय करतो?"

मग केळीच्या बागा लागल्या. जिकडे बघावं तिकडे केळी, आणि नेटवर्क गुल. परत आलं तेव्हा पप्पांचा आवाज चढलेला. "बाय, तू नदीत हायस! मॅपवर नदीत दाखवतंय!"

"नदीत नाही हो, बसमध्येच आहे. पण बस हळू चाललीये."

"ड्रायव्हरला दे."

"पप्पा, त्याला स्पॅनिश येतं फक्त."

"ड्रायव्हरला दे गो तू!"

मी पुढे जाऊन फोन स्पीकरवर धरला. पप्पा म्हणाले, "भाऊ, घरात हलद हाय. जरा दाबा." ड्रायव्हर स्पॅनिशमध्ये काहीतरी लांबलचक बोलला. पप्पा म्हणाले, "हां, रस्ता खराब, ठावं हाय. पन जरा बघा." ड्रायव्हर परत बोलला. पप्पा हसले. ड्रायव्हर पण हसला. मग त्यानं जो हॉर्न दिला आणि जी गाडी दाबली, सगळी बस सीटला चिकटली!

मी मार्ताला विचारलं, "काय बोलला तो?"

"डिझेल महाग झालंय, म्हणाला."

आणि फोनवर पप्पा सांगतायत, "चांगला मानूस हाय. डिझेलनं परेशान हाय बिचारा. त्याला चहा पाज."

* * *

बॉर्डरच्या अलीकडे बस थांबवली आणि कागद बघायला एक पोलीस चढला. उंच, गंभीर, कमरेला पिस्तूल.  मार्तानं आम्हाला आधीच बजावलेलं, कोणी हसायचं नाही, कोणी जास्त बोलायचं नाही.

मोहसीननं पासपोर्ट पुढे केला. पोलिसानं तो घ्यायला हात लांब केला. आणि आमच्या मोहसीननं त्याच्या शर्टाची बाही चिमटीत धरली, आणि चोळून बघितली!

मुद्दाम नाही हो. ह्याला ती सवयच आहे. लूमवाल्याचं पोरगं, कापड दिसलं की हात जातो. लग्नात अनोळखी माणसाचा कुर्ता पण चोळून बघतो हा. पण पोलिसाचा?

पोलीस आपल्या बाहीकडे बघतोय. मोहसीन पण बाहीकडे बघतोय. मार्तानं डोळे मिटून घेतलेले.

"पॉलिस्टर है," मोहसीन माझ्याकडे वळून हळूच म्हणाला. "गर्मी में मरता होगा बेचारा."

"काय म्हणाला तो?" पोलिसानं मार्ताला विचारलं. खोटं बोलणं मार्ताच्या स्वभावात नाही. तिनं माझ्याकडून अर्थ विचारून घेतला आणि आहे तसं सांगितलं.

पोलिसानं परत एकदा बाहीकडे बघितलं. मग त्यानं पिस्तुलाचा पट्टा सैल केला, पाठमोरा झाला आणि घामानं भिजलेली पाठ मोहसीनला दाखवली. "आमच्या साहेबांना जाऊन सांग हे!"

* * *

कोस्टा रिकाचा शिक्का झाला. मध्ये नदी, नदीवर पूल, पलीकडे पनामा. तेवढ्यात पप्पांचा फोन. मागे डीजे ढाणढाण.

"बाय, दादूस पाटावर बसला. बनियनवर बसलाय पोरगा, थंडी वाजते त्याला. तुजी आत्या ताट घेऊन हुबी. अंबाडीवाल्यांचे फोनावर फोन. किती वाजलं तिकडं?"

मी पुलावरून चालता चालता मोबाईल बघितला. "नऊ, पप्पा. पाचच मिनिटं!"

आता आम्हाला कोणी सांगितलंच नव्हतं, की पनामाचं घड्याळ एक तास पुढे असतं. पुलाचा मध्य ओलांडला आणि मोबाईलनं आपला आपण टाइम बदलला.

"पोचलीस का?"

"पोचतेच, पप्पा! आता..." मी परत बघितलं. "आता दहा वाजलेत."

पलीकडून नुसता डीजे.

"आत्ता नऊ होतं ना?"

"हो पप्पा, पण आता दहा आहेत. खरंच!"

"बाय," पप्पा म्हणाले, "माजे ड्रायव्हर पन येवरं मोठं फेकत न्हाईत!"

आणि तिथेच माझं कोस्टा रिकाचं सिम मेलं.

* * *

पनामाच्या ऑफिसात खिडकीमागे एक साहेब. जाड मिशी, चष्मा, हातात शिक्का. चेहऱ्यावर एक रेघ हलत नाही. भिंतीवर मोबाईल बंदचं चित्र.

मोहसीन गेला. लुकास गेला. त्यानं परतीच्या तिकिटाची प्रिंट काढून आणली होती, रंगीत. मार्ता पण झाली. मग मी.

"परतीचं तिकीट?"

तिकीट मेलमध्ये. मेल मोबाईलमध्ये. मोबाईलला नेटवर्क नाही. आणि तिकडे दादा बनियनवर! मला रडूच यायला लागलं. मार्ता खिडकीशी येऊन विनवायला लागली. साहेबांनी एक लांब श्वास सोडला, आपला मोबाईल काढला आणि हॉटस्पॉट चालू करून दिला. एक बोट वर केलं. "फक्त तिकीट."

"फक्त तिकीट!" मी म्हटलं.

नेट जोडलं गेलं, आणि त्याच सेकंदाला व्हिडिओ कॉल. दादा! मार्ता मागून कुजबुजतेय, "कट कर, रुचा, कट कर!" पण हळदीच्या पाटावरून भावाचा कॉल येतो, तो कोण कट करेल हो? उचलला मी.

"आली! करवली आली रे!" दादा ओरडला.

तेवढ्यात खिडकीतून साहेबांचा हात आला आणि माझा मोबाईल आत गेला. साहेबांना वाटलं मी तिकीट उघडलंय. त्यांनी तो नाकाजवळ धरला आणि चष्मा वर केला.

आता मला काय माहीत, की चुलतभावानं तो कॉल मांडवातल्या एलईडी स्क्रीनला जोडलाय! डीजेच्या शेजारची ती भिंतीएवढी स्क्रीन. अख्खं मानकोली जमलेलं, सगळे करवलीची वाट बघतायत, आणि स्क्रीनवर आली ही एवढी मोठी मिशी!

डीजे बंद.

त्या शांततेत आत्याचा आवाज आला. "अगो, यो कोन?"

"जावय असंल!" कोणीतरी मागून ओरडलं.

पप्पांनी माइक खेचला. उभं आयुष्य चेकपोस्टवर गेलेलं त्यांचं, माणूस लगेच ओळखला. "गप बसा सगले! बॉर्डरचे सायेब हायत. नमस्कार करा!"

आणि सगळ्या मांडवानं हात जोडले. "नमस्कार सायेब!"

साहेबांचा हात शिक्क्यासकट हवेतच राहिला. "हे कोण लोक आहेत?"

मार्तानं सांगितलं. भावाची हळद आहे, ही दिसल्याशिवाय तो लावून घेत नाही, आणि तो तिकडे बनियनवर बसलाय. साहेबांनी मोबाईलमध्ये दादाला बघितलं. दादानं पाटावरून मान हलवली. मग साहेबांनी मोबाईल फिरवला, हात लांब केला, आणि मला खुणावलं, काचेजवळ ये. स्क्रीनवर आम्ही दोघं, शेजारी शेजारी!

धवले गाणाऱ्या आजींनी सूर लावला. आत्यानं दादाच्या दोन्ही गालांना हळद लावली. दादानं तशाच पिवळ्या चेहऱ्यानं माझ्याकडे बघितलं, आणि मी ऑफिसात उभ्या उभ्या रडले. लुकास पण रडला, त्याला तर काही कळतही नव्हतं. तिकडे एक जण उष्ट्या हळदीची वाटी घेऊन अंबाडीला बाईकवरून सुटला सुद्धा.

मग आत्या ताट घेऊन स्टेजवर चढली. चुलतभाऊ ओरडतोय, "आत्या नको, भाड्याची स्क्रीन हाय!" आत्या कोणाला ऐकते? तिनं स्क्रीनवरच्या माझ्या गालावर हळद फासली. "करवलीस लागली!"

आणि मग तिनं शेजारी बघितलं.

"आता पावन्यास काय कोरडा ठेवायचा?" आत्या म्हणाली, आणि दोन्ही हात भरून साहेबांच्या मिशीपासून कानापर्यंत हळद ओढली.

साहेब मोबाईलमध्ये सगळं बघत होते. त्यांनी चष्मा काढला. हळूच आपल्या गालावरून हात फिरवला आणि बोटं उजेडात धरून बघितली.

मग माझा पासपोर्ट उघडला आणि तिकीट न बघताच धाडकन शिक्का मारला.