भटू पाटलाची सात नंबरची गाडी

९ डिसेंबर १९३८, शुक्रवार. रुपये सहाशे एक्कावन्न. एवढी रक्कम रोख मोजून प्रकाशाच्या भटू नरोत्तम पाटलाने सारंगखेड्याच्या यात्रेत, घोड्यांच्या बाजारात, एक जुनी मोटार विकत घेतली. ती मोटार मी घेणार होतो.

भटूची तापीकाठी चाळीस एकर काळी जमीन होती. धोतर गुडघ्यापर्यंत, डोक्याला लाल पटका, आणि आवाज असा की नदीच्या या काठावरून हाक मारली तर पलीकडचा माणूस काम सोडून उभा राही. सही करण्यापुरते लिहायला येत होते. घोड्यांचे मात्र त्याला सर्व कळे. दात न पाहता, नुसत्या चालीवरून वय सांगत असे. मी शहाद्याच्या जिनिंगमध्ये मुख्य हिशेबनीस. दरवर्षी त्याचा कापूस आमच्याकडे येई आणि पावती मीच लिहून देई. माणूस सरळ होता. हे आधीच लिहून ठेवतो, कारण पुढे त्याच्याविषयी लिहिताना माझी लेखणी सरळ चालेल याची खात्री नाही.

मोटार दोन माणसांची, लांब नाकाची, हिरवी, टप नसलेली. दोन्ही अंगांना पांढऱ्या गोलात सात हा आकडा. १९३६ साली रुईच्या कामासाठी मुंबईला गेलो असताना जुहूच्या वाळूवर मी ती शर्यतीत धावताना पाहिली होती. ती तिसरी आली. पहिल्या दोन कोणत्या रंगाच्या होत्या तेही मला आठवत नाही. पुढे तळोद्याच्या एका जंगल-ठेकेदाराने ती हौसेने आणली, पण डोंगराकडच्या रस्त्यावर तिचे पोट दगडांना घासू लागले. शेवटी त्याने आपला ड्रायव्हर फत्तेसिंग याला ती विकायला यात्रेत पाठवले. धावणारी वस्तू विकायची तर सारंगखेड्यालाच, असा त्याचा विचार असावा. दोन काठेवाडी घोड्यांच्या मधल्या जागेत ती उभी होती.

मी कोटाच्या आतल्या खिशात सातशे रुपये घेऊन गेलो होतो. जिनिंगची लॉरी मला चालवता येत होती. चव्वेचाळीस वर्षांच्या आयुष्यात मी स्वतःसाठी म्हणून काही घेतले नव्हते, आणि हे घ्यायचे ठरवले होते.

त्या बाजारात भाव तोंडाने बोलत नाहीत. दोघांच्या हातांवर रुमाल टाकतात आणि खाली बोटे धरून आकडा सांगतात. आत दोन हात आहेत तोवर तिसऱ्याने मध्ये पडायचे नाही. हात बाहेर आला की बोलणे संपले, मग कोणीही पुढे यावे. फत्तेसिंगने रुमाल टाकला. त्याने सात बोटे सांगितली, मी सहा. तो साडेसहावर आला आणि शेवटी एक बोट हळूच दाबले, म्हणजे वर शकुनाचा एक रुपया. सहाशे एक्कावन्न. मला फक्त त्याचे बोट पुन्हा दाबायचे होते.

तेवढ्यात मला पेट्रोल, लायसन आणि दरसालचा घसारा यांचा आकडा मांडून पाहावासा वाटला. वही खिशात होती. ती काढण्यासाठी मी हात बाहेर घेतला.

"शेठ, तुमना हात निंघना," फत्तेसिंग म्हणाला.

"अरे, वही काढतो आहे."

"हात निंघना ना पन."

शेजारी भटू घोडा पाहायला आलेला होता. तो म्हणाला, "आते मन्हा हात," आणि त्याने हात रुमालाखाली घातला. दहापर्यंत मोजायलाही अवकाश मिळाला नाही. फत्तेसिंगने रुमाल उचलून खांद्यावर टाकला. "दिधी."

कोणी तिच्या खाण्याची चौकशी केली, "पाटील, हाई काय खास?"

"तेल खास. पन उभी ऱ्हायनी का काहीच खात नही. तुन्हा मेहुनासारखं नही."

सगळे हसले. मीही हसलो. वही माझ्या हातात उघडीच होती.

त्याला मोटार चालवता येत नव्हती. दोन बैल जुंपून त्याने ती प्रकाशाला नेली. पुढच्या आठवड्यात जिनिंगमध्ये येऊन म्हणाला, "शेठ, तुम्हीन माले शिकाडा." मी हंगाम असल्याचे सांगितले. मग आमचाच फिटर उदेसिंग सुट्टीच्या दिवशी जाऊन त्याला शिकवू लागला. मी उदेसिंगला अडवू शकत नव्हतो, पण त्या महिन्यात त्याच्या दोन चुका मी मालकांच्या कानावर घातल्या.

भटू शिकला. मोटार थांबवताना तो चाक मागे ओढी आणि "होऽ हो" म्हणे. पुढच्या जाळीवर त्याने घुंगरमाळ बांधली. घरी आल्यावर इंजिनावर घोड्याची झूल घाली, घाम आलेल्या जनावराला वारा लागू नये म्हणून. मंगलाबाई, त्याची बायको, पदर दातात धरून शेजारी बसे आणि गावाबाहेर पडल्यावर मोठ्याने हसे, असे लोक सांगत. मनातल्या मनात भटूच्या जागेवर मी अनेकदा बसून झालो होतो.

उन्हाळ्यात तापीचे पात्र आटले की प्रकाशाखाली लांबच लांब वाळू उघडी पडते. भटूने ती मोटार तिथे उतरवली. घाटाच्या पायऱ्यांवर दर्शनाला आलेली माणसे बसून राहिली होती, मीही कापसाच्या उधारीचे निमित्त काढून गेलो होतो. ती गाडी वाळूवर सुटली आणि सात नंबर जुहूला दिसला होता तसाच दिसला. ही वाळू माझ्या घरापासून नऊ मैलांवर होती. ती मला सुचायला हवी होती, त्याला सुचली.

घरी येऊन जेवताना मी बोलत राहिलो. भटू गियर उशिरा टाकतो, टायर झिजवतो, वळण चुकीचे घेतो. माझी पत्नी बदामबाई वाढता वाढता म्हणाली, "घरच्या बैलगाडीचं चाक वर्षभर करकरतं, ते तुम्हाला ऐकू येत नाही. पाटलाच्या गाडीचं मात्र सगळं ऐकू येतं."

जानेवारी १९४० मध्ये त्या गाडीने दम सोडला. कारण ऐकून मला जो आनंद झाला तो लपवणे कठीण गेले. संक्रांतीला भटूने आपल्या सगळ्या घोड्यांना नदीत नेऊन धुतले, आणि मोटार तरी का राहावी म्हणून तिलाही गुडघाभर पाण्यात उभी करून गवताच्या चुंबळीने घासली. वर बादल्याही ओतल्या. इंजिनाला ठिणगी देणाऱ्या मॅग्नेटोत पाणी शिरले आणि त्याची कॉइल जळाली. उदेसिंगने मुंबईतल्या एका जुन्या सुट्या भागांच्या दुकानाचा पत्ता चिठ्ठीवर लिहून दिला. मी कामासाठी मुंबईला निघालो होतो. भटूने पाकिटात तीस रुपये घालून चिठ्ठीसह माझ्याकडे दिले.

"शेठ, तुमले यंत्रं कळतस. तुम्हीनच आना."

दुकान सापडले. कॉइल होती, किंमत सत्तावीस रुपये, पण माल वखारीत होता. भटूचे पाकीट मुक्कामी पेटीत ठेवले होते, म्हणून मी माझ्या खिशातून दोन रुपये बयाणा दिला, नाव आणि गाव लिहून दिले आणि उद्या येतो म्हणालो.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी त्या रस्त्याच्या तोंडाशी असलेल्या उपाहारगृहात बसलो. दोन कप चहा घेतला. गाडी दारात बंद पडून राहिली तर भटू कंटाळेल. कंटाळला तर विकेल. आणि त्या मुलखात ती घेणारा माझ्याशिवाय कोण होता? चहाचे पैसे देऊन मी उलट्या दिशेने स्टेशनवर गेलो.

प्रकाशाला जाऊन मी भटूच्या हातात पाकीट परत दिले. "मिळाली नाही. लढाईमुळे विलायती माल येत नाही."

त्याने पाकीट मोजलेदेखील नाही. "तुमले फुकट तरास व्हयना," म्हणाला, आणि मला शेतात बसवून दादर ज्वारीचा हुरडा खाऊ घातला. हुरडा चांगला होता.

आठ महिने गाडी झुलीखाली उभी होती. मी तीनशे देऊ केले, मग साडेतीनशे.

"आजारी घोडं कोनी इकस का, शेठ? बरं व्हई जाऊ द्या, मंग दखू."

दसऱ्यानंतर भटू स्वतः मुंबईला गेला. उदेसिंगकडून त्याच पत्त्याची चिठ्ठी घेऊन गेला, हे मला तो परत आल्यावर कळले. जिनिंगच्या फाटकाशी गाडीचा आवाज आला तेव्हा मी जागेवरून उठलो नाही. शेवटी तोच आत आला आणि माझ्या मेजावर एक पावती ठेवली. कॉइल सत्तावीस रुपये. बयाणा, शेठ कांतीलाल, शहादा, रुपये दोन वजा. रोख पंचवीस. कॉइल माझ्या नावाची चिठ्ठी लावून आठ महिने फळीवर पडून होती.

"दुकानदारनी तुमले रामराम सांगेल शे," भटू म्हणाला. "दोन रुप्या तुमना मन्हाकडे निंघतस. मांगा, आतेच देस."

दोन कारकून ऐकत होते. मी म्हणालो, "कोणते दोन रुपये?"

"तेच तर मी इचारी ऱ्हायनू, शेठ. कोनता?"

मी पावती त्याच्याकडे सरकवली. त्याने ती घडी करून पटक्यात खोचली, बाहेर गेला आणि गाडी सुरू केली. गाडी चांगली चालत होती.

यानंतर त्याने कापूस दुसरीकडे नेला नाही. लोकांत माझ्याविषयी अवाक्षर काढले नाही. बाजारात भेटला की एवढेच विचारी, "शेठ, काही मांगनं शे का?" मी नाही म्हणे.

१९४६ साली घोड्यावरून पडून त्याचा गुडघा गेला. पायाने क्लच दाबवेना. त्याने मला निरोप पाठवला. ओट्यावर पाय लांब करून बसला होता, गाडी समोर अंगणात. रंग उडाला होता, सात आकडा शाबूत होता.

"गाडी तुमलेच देस," तो म्हणाला. "चारशे. दुसराले नौशेले जाई. पन आधी तुमना दोन रुप्या मन्हाजवळ मांगी ल्या. कसाना शेतस ते सांगा, नि गाडी ली जा."

मंगलाबाई चहा घेऊन आली होती, ती दारातच थांबली. चारशे रुपये माझ्याजवळ होते. ते दोन रुपये कशाचे, एवढे एक वाक्य तोंडातून काढायचे होते. मी गाडीकडे पाहिले. नंतर म्हणालो, "माझे तुझ्याकडे काही निघत नाही, भटू."

"बरं," तो म्हणाला, आणि पेला उचलला.

महिन्याभरात सुरतेचा एक व्यापारी येऊन गाडी घेऊन गेला. नऊशे रुपये दिले.

येत्या मार्चअखेर मी जिनिंगमधून निवृत्त होत आहे. भटू नरोत्तम पाटील, प्रकाशा, यांच्याकडून रुपये दोन येणे आहे.