आत्याबाईंचे निरोप

माणूस गेलं की त्याची लुगडी नात्यातल्या बाया नेतात, पानाचा डबा लेक नेते, खाटसुद्धा कोणीतरी मागून नेतं. किस्से मात्र कोणी नेत नाही! ते घरातच पडून राहतात. चूल पेटवावी तर एक निघतो, उतरंडीला हात लावावा तर दुसरा. आमच्या आत्याबाईंचे, म्हणजे माझ्या सासूबाईंचे, इतके साचलेत की शेजारीण विस्तव मागायला आली तरी आधी विचारते, "आज कोन्ता?"

आज बसलेच आहे, तर सांगून टाकते.

*

आमच्या सुलतानपुरात सासरा सुनेशी बोलत नाही. मामाजी ओसरीवर, मी चुलीपाशी, मधे एक मातीची भिंत. इकडचा शब्द तिकडं नेण्याची ड्युटी आत्याबाईंची.

लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात मामाजी ओसरीवरून गरजले, "भाजीत मीठ नाही! तिले सांग!"

भिंत ती केवढी, सगळं ऐकू येतं. आत्याबाई आत आल्या. तोंड एकदम गंभीर. म्हणाल्या, "तुहे मामाजी म्हणतात, भाजी फर्स्ट क्लास झाली."

मी काही बोलायच्या आत परत बाहेर. "सून म्हणते, मीठ सरलं. चार दिसांपासून सांगून राह्यली, आणत काऊन नाही?"

मी तर तोंडही उघडलं नव्हतं! मामाजी जेवण टाकून दुकानात गेले.

*

माझं पहिलं बाळ अकराव्या दिवशी गेलं. हे बुलढाण्याला कचेरीत, शनिवारच्या गाडीनं येणार. मी कोपऱ्यात पडलेली. भेटायला आलेली एक बाई आत्याबाईंच्या कानाशी लागली, "सुनेचा पायगुण पाह्यला होता काय?" बोलली कानात, पण मला ऐकू येईल अशी.

आत्याबाई उठल्या. तेलाची वाटी घेतली, मला धरून अंगणात आणलं, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल असं पाटावर बसवलं. माझे पाय स्वतःच्या मांडीवर घेतले आणि चोळायला लागल्या. सासू सुनेचे पाय चोळते! रस्त्यातल्या बाया थांबल्या. मी पाय ओढते, त्या सोडत नाहीत.

"माह्ये चार गेले," त्या बाईला म्हणाल्या. "तवा माह्ये पाय कोनी पाह्यले नाही. आता इचे नीट पाहून घे. दुसऱ्यांदा इचारू नको!"

*

मग सुमी झाली. तेव्हापासून मला एक सवयच लागली. ती झोपली की तिच्या नाकाशी बोट धरायचं. श्वास लागतो का? लागतो. पाणी भरून आले की परत बोट.

सुमी तीन महिन्यांची असताना देवीची लस टोचणारा गावात आला. बाया लेकरं घेऊन पळाल्या. मीही कडब्याच्या गंजीमागं जाऊन बसले. एवढ्याशा हाताला सुई? ताप आला तर? पहिल्यासारखं झालं तर?

आत्याबाईंनी मला बरोबर हुडकलं. "निघ बाहेर."

"मी नाही येत."

त्यांनी जबरदस्ती केली नाही. त्या टोचणाऱ्यालाच गंजीमागं घेऊन आल्या, आणि चोळीची बाही वर करून आपला दंड पुढं केला. "आधी मले टोच. दुखलं तं तुह्याच हाताले चावीन."

"आजी, तुमच्या दंडावर जुना वण आहे. तुम्हाला गरज नाही."

"इच्या आईले हाये!"

त्यानं टोचलं. आत्याबाई डोळे मिटून जरा वेळ थांबल्या. मग माझ्याकडं हात केला, "मुंगी चावली. आन पोरगीले."

*

सुमीची गुटी त्या रोज सकाळी उगाळायच्या. सहाणेवर आईचं दूध घ्यायचं आणि एकेक जिन्नस फिरवायचा: हिरडा, मुरुडशेंग, जायफळ. भिंतीपलीकडं मामाजी तंबाखू चोळत बसलेले.

"कशाचे किती वेढे, आत्याबाई?"

"हाताले कळते."

"माझ्या हाताले कसं कळेल?"

"पोरीचं तोंड पाह्यचं."

मी सातवी शिकलेली. वही आणली, पेन्सिल आणली, म्हटलं सांगा, लिहून घेते. उद्या काही अडलं म्हणजे? त्या सहाणेवरून मान वर न करता म्हणाल्या, "मंग काय कागद उगाळशील?"

राहिलंच ते लिहायचं.

*

आत्याबाईंना चिखलीच्या दवाखान्यात नेलं तेव्हा सुमी पाच महिन्यांची. एसटीत त्या बाकावर आडव्या, डोकं मामाजींच्या मांडीवर; सुमीला घेऊन मी मागच्या बाकावर. मेहकरच्या स्टँडवर गाडी थांबली. कंडक्टर घंटीच्या दोरीला हात घालतो तोच त्या उठून बसल्या.

"थांब रे! घंटी मारू नको. याले चहा घेऊ दे. सकाळपासून उपाशी हाये."

"मावशी, बिमार कोन हाये?"

"मी हाये. पन चिडचिड याची होते!"

अख्खी गाडी थांबली. मामाजी खाली मान घालून चहा प्यायले.

त्या परत आल्या नाहीत.

*

मग घरात उरलो तिघं. ओसरीवर मामाजी, आत मी, आणि जिला बोलता येत नाही अशी सुमी. निरोप न्यायला कोणी नाही!

मामाजी म्हशीला म्हणायचे, "काय वं, आज चहा होते की नाही?" मी सुमीला म्हणायचे, "सुमे, आजोबाले सांग, दूध नासलं." सुमी दोघांकडं पाहून हसायची. म्हैस तेवढंही करायची नाही. कितीतरी गोष्टी तशाच राहायच्या. मीठ कमी पडलं तरी मामाजी मुकाट जेवायचे.

*

सुमीला आठवा लागला आणि एका मंगळवारी जुलाब सुरू झाले. बुधवारी सकाळी ती अंगावर पिईना. डोळे आत गेले, टाळू खाली बसली. हे यायला अजून तीन दिवस. डॉक्टर मेहकरला. सासऱ्याला 'चला' कसं म्हणायचं? शेजारपाजारचे सगळे रानात गेलेले. म्हैससुद्धा चरायला गेलेली.

आधी गुटी तरी द्यावी म्हणून सहाण घेतली. जायफळ जास्त झालं तर लेकरू गुंगीत जातं, एवढंच मला ठाऊक. किती म्हणजे जास्त? फिरवायला लागले. एक. दोन.

"बस!"

भिंतीपलीकडून आवाज. माझा हात तिथंच थांबला.

"जायफळ दोनच वेढे. सांग तिले."

कोणाला सांगत होते? ओसरीवर ते एकटेच. मी भिंतीकडं तोंड केलं.

"आत्याबाई, मामाजींले विचारा, मुरुडशेंग किती?"

"पाच."

"अन् हिरडा?"

"सात. हात हलका ठेव म्हना."

चमचा सुमीच्या तोंडाला लावला. सगळं ओठांतून बाहेर आलं. तिची मान कलली आणि मला रडू फुटलं.

बाहेर काठी आपटली. "तिले सांग, लुगडं बदल म्हना. नवाच्या गाडीनं डॉक्टरकडं जाऊ." मग परत, "रस्त्यात मी चहा नाही मागत."

डॉक्टरनं इंजेक्शन दिलं, औषध दिलं आणि आम्हाला बाकावर बसवून ठेवलं. माझं बोट सुमीच्या नाकाशी. मामाजी दाराशी उभे, डॉक्टरनं बसा म्हटलं तरी बसेनात. दुपार कलल्यावर सुमीनं असा टाहो फोडला की बाहेरचे पेशंट आत डोकावले!

"भूक लागली तिला," डॉक्टर म्हणाला. "घ्या पदराखाली. आता भ्यायचं नाही."

परतीच्या गाडीला तोच कंडक्टर. मामाजींना बघून त्यानं घंटीची दोरी सोडली. "बाबा, चहा घेऊन या. मावशीचं फर्मान हाये, मी घंटी मारत नाही!"

मामाजी जागचे हलले नाहीत. खिडकीबाहेर पाहत म्हणाले, "तिले विचार."

कंडक्टर माझ्याकडं पाहायला लागला. गाडीतले सगळेच पाहायला लागले. मी पदर पुढं ओढला, सुमीला मांडीवर नीट घेतलं आणि म्हटलं,

"दोन सांगा."