पेनांगात आपला माणूस

मलेशियातलं पेनांग बेट फार सुंदर आहे, असं माझी बायको सांगते. मीही तिच्याबरोबर गेलो होतो. एकाच जहाजानं गेलो, एकाच जहाजानं परत आलो, तरी या बाबतीत मला तिच्या शब्दावर विश्वास ठेवावा लागतो. हे कसं झालं ते सांगतो. हसलात तरी चालेल, आमच्या घरात अजून हसणं चालूच आहे.

आम्ही तेव्हा दिल्लीत आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहायचो. मी एका मंत्रालयात सेक्शन ऑफिसर होतो. (मंत्रालयाचं नाव सांगत नाही. सांगितलं की लोक विचारतात, "असंही मंत्रालय आहे का?") आमची मुलगी मुक्ता नुकतीच नोएडातल्या एका कॉम्प्युटर कंपनीत लागली होती. देशात उदारीकरण आलंय हे मी कित्येक वर्षं फायलींत वाचत होतो, पण आमच्या घरात ते मुक्ताच्या नोकरीबरोबर आलं. आमच्या लग्नाला पंचवीस वर्षं झाली त्या दिवशी तिनं जेवणाच्या टेबलावर एक पाकीट ठेवलं. आत सिंगापूरहून निघणाऱ्या क्रूझची दोन तिकिटं! तीन रात्री समुद्रात, आणि मध्ये एक दिवस जहाज पेनांगच्या बंदराला लागणार.

"मला फक्त एकच करायचंय," माझी बायको हेमा म्हणाली. "समुद्रात पाय बुडवून उभं राहायचंय."

हेमाचा जन्म पहाडगंजचा, शाळा पहाडगंजची, आणि लग्न होऊन ती आली आर. के. पुरमला. सरकारी खर्चानं गावी जायची सवलत मिळाली की आम्ही माझ्या गावी जायचो, म्हणजे अकोल्याला. आता अकोल्यात मी तिला समुद्र कुठून दाखवणार?

"अगं, तीन दिवस समुद्रातच तर असणार आहोत!"

"तो नऊ मजले खाली असणार. त्याला माझा पाय कसा लागणार?"

जहाजाच्या माहितीपत्रकात यावर साधा सरळ उपाय होता. सकाळी बसनं किनाऱ्यावर न्यायचं, दुपारी परत आणायचं. मुक्तानं त्या सहलीवर पेनानं खूण करून ठेवली होती. मी ती खोडली.

"बाबा, आईला हवंय ते सगळं आहे त्यात. बुक करून टाकू ना, यार!" (वडिलांना यार म्हणू नये, हे तिला सांगून मी थकलो होतो.)

"छातीवर नंबराचा बिल्ला लावून झेंडेवाल्याच्या मागे मेंढरांसारखा मी जाणार नाही. आम्ही स्वतंत्र उतरू आणि स्वतंत्र फिरू."

"अच्छा? पण तिथं आपलं आहे कोण?"

प्रश्न अस्सल दिल्लीचा होता. या शहरात माणूस कुठंही जाण्याआधी तिथं आपलं कोण आहे ते बघतो. गॅस, टेलिफोन, शाळेतली ॲडमिशन, रेल्वेचा बर्थ, सगळं ओळखीनं. दिल्लीत तीस वर्षं काढलेल्या माणसाला ओळखीशिवाय रस्ता ओलांडतानाही चुकल्यासारखं वाटतं. म्हणून स्वतंत्र फिरण्यासाठी मी सर्वांत आधी ओळख शोधायला लागलो.

माझ्या शेजारच्या टेबलावर भाटियाजी बसायचे. मी पेनांगचं नाव काढताच त्यांनी टेबलावर थाप मारली. "अरे काले जी, टेन्शन मत लो! अपना आदमी है वहाँ!" हा अपना आदमी म्हणजे भाटियाजींच्या साडूच्या शेजाऱ्याचा वर्गमित्र. आणि तो निघाला चक्क मराठी! देवस्थळी नावाचे इंजिनिअर, मूळचे करोलबागेतले, आता पेनांगातल्या एका कारखान्यात नोकरीला. भाटियाजींनी त्यांना परस्पर ई-मेल पाठवला. दुसऱ्याच दिवशी उत्तर आलं, "साहेबांनी आमच्याकडेच यावं. गाडी, किनारा, सगळी व्यवस्था आम्ही करू." ते उत्तर मी घरात तीन वेळा मोठ्यानं वाचलं.

मग मी रीतसर फाइल उघडली. नऊला उतरणे, साडेनऊला किनारा, बाराला देऊळ, एकला टेकडीवरची रेल्वे, तीनला बंदरावर परत, चारला जहाज सुटणार. हेमानं फक्त पहाडगंजला जाऊन निळ्या रबरी चपला आणल्या. तिची तयारी तेवढ्यात संपली.

पेनांगला जहाजातून खाली उतरलो तर समोर देवस्थळी पाटी घेऊन उभे! पाटीवर ठळक अक्षरांत 'काळेसाहेब, भारत सरकार'. उभ्या नोकरीत मला कुणी पाटी घेऊन आणायला आलं नव्हतं. बाजूनं आमच्याच जहाजातली माणसं बिल्ले लावून झेंड्यामागे निघाली होती. मला त्यांची मनापासून कीव आली.

"आधी घरी चला," देवस्थळी म्हणाले. "पाच मिनिटं चहा. नलिनी वाट बघतेय."

घर चौदाव्या मजल्यावर होतं. देवस्थळींनी हेमाला गॅलरीत नेलं आणि दोन उंच इमारतींच्या फटीकडे बोट दाखवलं. "हा बघा वहिनी, समुद्र!" हेमानं मान वाकडी करून तो हातभर समुद्र पाहिला.

"आपण किनाऱ्यावर जाणार आहोत ना?"

"बिल्कुल! चहा झाला की चलो."

चहाआधी पोहे आले, पोह्यांनंतर शिरा आला. शिरा अर्धा झाला असेल नसेल, देवस्थळींनी कपाटातून एक फुगलेली प्लास्टिकची पिशवी काढली आणि माझ्या समोर ठेवली.

"साहेब, भाटियाजींनी लिहिलंय की नोएडात तुमच्या शब्दाशिवाय पान हलत नाही."

खरं सांगतो, नोएडात मला दोनच माणसं ओळखत होती. एक मुक्ता आणि दुसरा तिच्या बसचा कंडक्टर, त्यानं एकदा माझी छत्री परत केली होती. हे तिथंच सांगून टाकलं असतं तर साडेदहाला आम्ही किनाऱ्यावर असतो. पण नलिनीवहिनी कौतुकानं बघत होत्या, ताटलीत शिरा होता, आणि ती पाटीही डोळ्यांपुढून जात नव्हती.

"हलतं थोडंफार," मी म्हणालो. "बघू, आणा कागद."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच!

देवस्थळींचा नोएडात प्लॉट होता. कोपऱ्यावरचा, पूर्वाभिमुख. शेजाऱ्यानं कुंपणाची भिंत बांधताना ती दोन फूट यांच्या हद्दीत घातली होती. त्यांनी नकाशा जेवणाच्या टेबलावर पसरला, चार कोपऱ्यांवर लोणच्याच्या बरण्या ठेवल्या आणि आम्ही दोघं दोरा घेऊन भिंत मोजू लागलो. मला त्यातलं काही कळत नव्हतं. मी दर दोन मिनिटांनी गंभीरपणे "हं" म्हणत होतो आणि माझ्या प्रत्येक "हं"बरोबर देवस्थळींचा चेहरा उजळत होता.

हेमा नव्या चपला घालून दारात आली. "अहो, निघायचं ना?"

"पाच मिनिटं!" मी आणि देवस्थळी एकदम म्हणालो.

तेवढ्यात फोन वाजला. "हो, हो, आलेत साहेब. या ना!" देवस्थळी म्हणाले. अर्ध्या तासात डॉक्टर मल्होत्रा आले, ते गुडगावच्या प्लॉटचे कागद घेऊन. त्यांच्या मागोमाग एक नवरा-बायको आले. त्यांचा गाझियाबादचा फ्लॅट बिल्डर चार वर्षं 'अगले महीने' देत होता. बारा वाजेपर्यंत सोफ्यावर सहा माणसं मांडीवर पिशव्या घेऊन ओळीनं बसली. पेनांगातल्या प्रत्येक भारतीयाचा दिल्लीच्या आसपास एक तरी प्लॉट अडकलेला असावा!

एवढी माणसं माझ्या टेबलापुढे कधीच जमली नव्हती. ऑफिसात चुकून कुणी आलंच तर पुढच्या टेबलाचा पत्ता विचारतं. इथं मला कुणी पाठीला उशी दिली, कुणी पंखा माझ्याकडे वळवला. मग मीही रंगलो. पेन मागवलं आणि प्रत्येकाच्या कागदाच्या समासात शेरे मारायला लागलो. 'चर्चा करावी.' 'तातडीने पुन्हा सादर करावे.' डॉक्टरांच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाले, "सर, नौ साल में पहली बार किसी ने कुछ लिख के दिया है!"

अशा माणसांना सोडून वाळूत फिरायला जाणं मला अगदी हलकेपणाचं वाटू लागलं.

शेवटी डॉक्टरांनीच विचारलं, "सर, आपका जहाज़ कितने बजे है?"

मी घड्याळ पाहिलं. तीन वाजून पंधरा मिनिटं!

"हेमा!"

उत्तर नाही. स्वयंपाकघरात कुणी नाही, गॅलरीत कुणी नाही. नलिनीवहिनी नाहीत आणि खुंटीवर गाडीची किल्लीही नाही. देवस्थळींनी घाईघाईनं वहिनींच्या मोबाइलवर फोन लावला. तो टीपॉयवरच वाजला.

परक्या देशात बायको हरवली! आणि ती माझ्यावर रागावून गेली असेल तर तिचं काहीही चुकलेलं नव्हतं. याचीच मला जास्त भीती वाटली. पंचवीस वर्षांत तिनं एक गोष्ट मागितली होती, तीही फुकट मिळणारी.

डॉक्टर मल्होत्रांनी मला गाडीत घातलं. हेमा बंदरावर पोचली असेल, एवढी एकच आशा होती. प्रत्येक सिग्नलला डॉक्टर विचारत, "सर, वो रजिस्ट्री वाला पॉइंट ज़रा फिर से?" मी हात जोडून, "भाई साहब, बीवी!" एवढंच म्हणत होतो. चारला दहा कमी असताना मी धक्क्यावर उतरलो आणि बावन्न वर्षांच्या वयाला न शोभेल असा धावत सुटलो. डाव्या हाताला बायको नाही, उजव्या हाताला नाही. जहाजाची माणसं शिडी काढायच्या तयारीत!

"अहो! इकडे! वर!"

वरच्या मजल्यावर कठड्याशी हेमा उभी होती. हातात शहाळं होतं.

मी धापा टाकत वर पोचलो. तिची साडी गुडघ्यापर्यंत ओली होती आणि पायांच्या बोटांत वाळू होती.

"कधी आलीस?"

"झाला की तास. नलिनीनं सोडलं."

"किनाऱ्यावर गेली होतीस?"

"दोन तास पाण्यात उभी होते. लाट परत जाते ना, तेव्हा पायाखालची वाळू ओढून नेते, आपणही चाललो असं वाटतं. हे मला कुणी सांगितलंच नव्हतं! आणि मी चाखूनही पाहिलं. खरंच खारट असतं हो!"

इतकी खुललेली हेमा मी पंचवीस वर्षांत पाहिली नव्हती. आणि ती खुलली तेव्हा मी तिथं नव्हतो. मला फार वाईट वाटलं, आणि वाईट वाटलं की मी करतो तेच केलं. आवाज चढवला.

"मग मला न सांगता गेलीस?"

"सांगितलं की! खांद्याला हात लावून सांगितलं. तुम्ही मानही वर केली नाहीत. म्हणालात, 'कागद ठेवून जा, नंतर बघतो.'"

जहाज सुटेपर्यंत मी समुद्राकडे बघत उभा राहिलो. नऊ मजले खाली होता.

दिल्लीला आल्यावर मुक्तानं रोल धुऊन आणला. फोटोंत हेमा पाण्यात, हेमा वाळूत, हेमा आणि नलिनीवहिनी लाटेला घाबरून किंचाळताना. माझा एकच फोटो होता. हेमानं निघताना काढलेला. त्यात लोणच्याच्या चार बरण्या आणि नकाशावर वाकलेलं माझं टक्कल दिसत होतं.

"बाबा, हे काय बघताय तुम्ही?"

निघताना देवस्थळींनी माझ्या खिशात कोंबलेला नकाशा मी तिच्यापुढे ठेवला. तिनं तो उलटासुलटा करून पाहिला, त्यावरचा पत्ता वाचला आणि कपाळावर हात मारला.

"बाबा! हा प्लॉट तर माझ्या ऑफिसच्या खिडकीतून दिसतो! तो बघायला तुम्ही पेनांगला गेलात?"

"खिडकीतून दिसत असेल," मी म्हणालो. "पण तुझ्या ऑफिसात मला साहेब कोण म्हणणार होतं?"