पोटातली मासोळी

चहा घ्या आधी. गार होऊ देऊ नका, कारण मी पुढं जे सांगणार आहे ते ऐकल्यावर तुमच्या घशाखाली काही उतरेल याची मला खात्री नाही. माझ्या घशाखाली काय उतरलं होतं, त्याचीच तर ही गोष्ट आहे!

माझं नाव बसू. मी पाटबंधारे खात्यात कारकून होतो. उभा जन्म पाण्याच्या फायली हाताळल्या, पण पाण्यात पाय घालायची हिंमत नव्हती. कुठल्या धरणात किती पाणी आहे ते तोंडपाठ. गुडघाभर पाण्यात उभं राहायचं म्हटलं की मी चार पावलं मागं. आणि राहायला कुठं? कोल्हापुरात! इथं माणूस चालायच्या आधी पोहायला शिकतो.

नव्वदच्या दशकात आमच्या ऑफिसची सहल नृसिंहवाडीला गेली. संगमावर नावेत बसलो. नाव जराशी डुलली आणि मी शेजारच्या साहेबांना मिठी मारली. ती सोडवायला दोन शिपाई लागले. दुसऱ्या दिवशीपासून साहेब माझ्याशी टेबलाच्या पलीकडूनच बोलू लागले.

आमच्या आवक-जावक विभागात हिंदुराव होता. तालमीत वाढलेला, मिशा अशा की त्यांवर पेन्सिल ठेवावी. तो म्हणाला, "बसू, खात्याची अब्रू घालवलीस लेका. उद्यापास्नं पंचगंगेच्या घाटावर ये. चार दिसात मगर करतो तुझी."

चार दिवस सोडा, चार आठवडे झाले तरी मगर सोडाच, माझा बेडूकही झाला नाही. पाठीला पत्र्याचा डबा बांधून हिंदुराव मला सोडायचा. डबा तरंगायचा. मी डब्याखाली!

शेवटी एका सकाळी हिंदुराव कमरेवर हात ठेवून म्हणाला, "तुला आता मासा गिळाय लागतोय."

"काय गिळायचं?"

"मासा! बारकी पोरं मुंगी गिळत्यात, लगेच पोहाय येतंय. पर तुझं वय बघ की! तुला मुंगी पुरायची न्हाय. जित्ता मासा पायजे."

आता तुम्ही म्हणाल, एवढं वाचन असलेला माणूस, वाचनालयाचा जुना सभासद, यानं असल्या गोष्टीवर विश्वास कसा ठेवला? अहो, माणूस गळ्यापर्यंत पाण्यात उभा असला की त्याचं सगळं वाचन काठावर राहतं.

त्यात आमचं घर लिंगायत. आमच्या अव्वासमोर, म्हणजे आईसमोर, कुणी अंड्याचं नुसतं नाव काढलं तरी ती चूळ भरून यायची. मासा ही वस्तू आमच्या घरात फक्त भूगोलाच्या पुस्तकात होती. पण हिंदुरावानं पाण्यातल्या पायरीवर चुरमुरे टाकले, पंचा पसरला आणि करंगळीएवढी मासोळी उचललीसुद्धा. "आ कर! डोळं मीट! विचार करू नगंस!"

मी तिन्ही आज्ञा पाळल्या. मासोळी घशातून उतरताना शेपटी हलवून गेली. अगदी निरोप घेतल्यासारखी.

लगेच पाण्यात उडी मारली. बुडालो. फरक इतकाच, की या वेळी आत्मविश्वासानं बुडालो.

इथं गोष्ट संपली असती, तर मी सुखात असतो. पण त्याच आठवड्यात वाचनालयात आरोग्याचं एक मासिक हाती लागलं. उघडलं ते नेमकं त्याच पानावर. नदी-तळ्यांतले मासे कच्चे किंवा अर्धवट शिजवून खाल्ले तर त्यांच्या मांसातले बारीक कृमी माणसाच्या पोटात जातात. काही जातींचे कृमी यकृतात घर करतात आणि वर्षानुवर्षं तिथंच राहतात. एक जात तर चपट्या रिबिनीसारखी. आतड्यात वाढत वाढत माणसापेक्षा कितीतरी लांब होते.

पुढचं वाक्य तर जीव घेणारं होतं : 'बऱ्याचदा सुरुवातीला कोणतीही लक्षणे दिसत नाहीत.'

आणि मला कोणतीही लक्षणं नव्हती! म्हणजे झालंच की!

त्या दिवसापासून ऑफिसात मान खाली घालून फाईल वाचत असलो तरी सगळं लक्ष पोटात. जरा गुरगुरलं की वाटायचं, उठला! शांत असलं की वाटायचं, वाढतोय! साडेपाच फुटांचा माणूस मी, माझ्यात माझ्याहून लांब प्राणी मावणार कसा? घडी घालून? हिशेब करता करता घाम फुटायचा.

एका दुपारी मी ताटात आणखी भाकरी मागितली. बायको, शैला, खूश झाली. "अहो, आज भूक चांगली लागलीय!"

भूक मला लागली होती, की त्याला? त्या क्षणी मी ताट सरकवलं आणि त्याला उपाशी मारायचं ठरवलं. पण झालं काय, उपाशी राहिलो मी आणि चिडला तो. पोटात असा काही गडगडाट सुरू झाला की अव्वा अंगणातले पापड आत घेऊन आली.

घरात सांगावं, तर मासा सांगावा लागणार. न सांगावं, तर मरावं लागणार. मरणापेक्षा अव्वा भयंकर, म्हणून मी गुपचूप डॉक्टरांकडं गेलो.

"माझ्या एका मित्रानं जिवंत मासा गिळलाय," मी म्हणालो.

डॉक्टरांनी चष्म्यावरून पाहिलं. "मित्र घाबरलाय का?"

"फार!"

"बरं. मित्राला म्हणावं, शौचाचा नमुना तपासायला द्या. आणि मित्राचा घाम पुसा."

गल्लीतल्या लॅबमध्ये जायची सोय नव्हती, सगळे ओळखीचे. म्हणून मी लांब लक्ष्मीपुरीत गेलो. डबी खिडकीतून आत सरकवली. आतल्या बाईंनी विचारलं, "नाव?"

आता काय सांगू! खोटं नाव सांगायचं हे ठरलेलं होतं, पण कुठलं ते ठरवायचं राहून गेलेलं. डोक्यात एकच नाव आलं. मी हिंदुरावचं नाव, आडनावासकट आणि खात्यासकट, सांगून मोकळा झालो.

दुसऱ्या दिवशी सकाळी घाटावर गेलो. नाही कसा जाणार? न गेलो असतो तर संशय आला असता. पाठीला डबा बांधून मी छातीभर पाण्यात उभा, शेजारी हिंदुराव. घाट माणसांनी भरलेला. तेवढ्यात वरच्या पायरीवरून एक पैलवानी आवाज आला, "ए हिंदुराव! तुझ्या पोटात जंत निघाल्यात की रं!"

तो लॅबचा मालक होता. हिंदुरावचा तालमीतला जुना जोडीदार! हे मला कोण सांगणार?

अख्खा घाट हसायचा थांबेना. हिंदुराव ओरडला, "माझ्या? मी कवा दिलतं तपासाय?"

"काल दिलंस की! नाव हाय, पाटबंधारे खातं हाय!"

हिंदुरावची मान सावकाश माझ्याकडं वळली. पोहता येत असतं, तर मी पलीकडच्या काठाला लागलो असतो.

"बसू," तो दातओठ खात म्हणाला, "तू मरतोयस का जगतोयस ते मागनं बघू. पर तालमीत मी आज मेलो की!"

पण मला त्याच्या अब्रूशी काय करायचं होतं? माझ्या कानात एकच शब्द घुमत होता. निघाले! खरंच निघाले! मासिक खरं होतं! डबा पाठीला तसाच ठेवून मी ओल्या कपड्यांनी घरी धावलो. अव्वा सुपात डाळ निवडत होती. शैला चुलीशी होती.

"अव्वा, मी जातोय," मी म्हणालो.

"हापिसला? मग जा की. पर त्यो डबा काढ."

मग मात्र बांध फुटला. मासोळी, चुरमुरे, यकृत, रिबीन, सगळं सांगून टाकलं. शैलाच्या हातातला झारा तसाच हवेत राहिला. अव्वानं सूप खाली ठेवलं.

"जित्ता?"

"हो."

"शिव शिव शिव!" तिनं डोळे मिटले. मी वाट बघत उभा. आता स्वयंपाकघर बंद होणार, कदाचित दारही. डोळे उघडून ती म्हणाली, "मग? पोहाय आलं?"

"नाही."

"म्हंजे त्यो बी जिवाला मुकला आणि तुला बी काय जमलं न्हाय." ती उठली, चपला घातल्या. "चल डॉक्टरकडं. रडणं वाटेत."

लॅबमधून कागद घेऊन आमची वरात दवाखान्यात पोचली. डॉक्टर म्हणाले, "या. आज मित्राला घरच्यांसकट आणलंत वाटतं!" मग वाचून म्हणाले, "हे आपले साधे जंत आहेत. माशाचा काही संबंध नाही. कच्चं, न धुतलेलं काय खाता?"

"गाजरं!" शैला जणू याच प्रश्नाची वाट बघत होती. "मळ्यातनं आणली की नुसती पुसून खातात. कुठल्याशा पुस्तकात वाचलंय, धुतली की कस जातो म्हणे!"

"धुवा. आणि गोळ्या घरातल्या सगळ्यांनी घ्या. माशाचं काही दिसत नाही, तरी काही दिवसांनी पुन्हा तपासू. मासिकात वाचलंत म्हणता, ते खोटं नाही. नदीतला मासा कच्चा कधी खायचा नाही. नीट शिजवूनच खायचा."

"आमी शिजवून बी खात न्हाय," अव्वा ताठ होऊन म्हणाली.

म्हणजे बघा. घरी तोंड उघडलं नसतं, तर गाजरावर सगळं भागलं असतं!

घरी आल्यावर अव्वानं गोळी पाण्याबरोबर घेतली, तोंड पुसलं आणि बराच वेळ माझ्या पोटाकडं बघत बसली.

"म्हंजे जंत गाजराचं?"

"हो, अव्वा."

"मग त्यो मासा आत जाऊन करत काय हुता? पोहाय शिकवलं न्हाय, दुखणं बी दिलं न्हाय. नुसता आत जाऊन बसला." तिनं सूप पुन्हा मांडीवर ओढलं. "बसू, त्यो बी तुझ्याच खात्यातला असणार बघ."