मानाची गाडी

नंबर प्लेट सोडली तर माझ्या गाडीत एका कंपनीचं असं काहीच नव्हतं. चेसिस एका पिकअपची, पुसदच्या भंगारवाल्याकडून आणलेली. इंजिन दुसऱ्याच गाडीचं. तोंड जुन्या जीपचं, आणि मागचा डाला मी स्वतः अँगल आणि पत्रा जोडून केलेला. उमेदीची वर्षं मी पुसदला गॅरेजमध्ये काढली, मग आमच्या बंजारा तांड्यात परत येऊन शेती धरली, पण हात काही स्वस्थ बसेनात. बायको म्हणायची, "लोकायचे नवरे वावरात राबतेत, माहा गाडीखाली निजते." आमच्या घरात तशी गोरबोली चालते, पण सगळ्यांना कळावं म्हणून मी ते बोलणं इथं वऱ्हाडीत लिहितो आहे.

गाडी करायला कारण होतं, नाही असं नाही. आमच्या वावराची वाट काळ्या मातीची. पावसाळ्यात त्या वाटेनं चप्पलसुद्धा परत येत नाही, खताची पोती डोक्यावर न्यावी लागतात. म्हणून मी ही गाडी केली, आणि पहिल्याच पावसाळ्यात ती वाटेतच बसली. चाकं जागच्या जागी फिरत होती आणि गाडीचं पोट चिखलावर टेकलेलं. येणारे-जाणारे थांबून सल्ले देत होते. एक जण म्हणाला, "अबे, इथंच पाण्याची टाकी म्हणून ठेव तिले." मला असा राग आला की दोन दिवस मी कोणाशी धड बोललो नाही.

तेव्हा मी मोठे टायर घालायचं ठरवलं. नागपूरहून जुने पण दणकट टायर आणले, बोट आत जाईल इतक्या खोल खाचांचे. ते माझ्या रिंगांवर बसेनात. मग रिंगा मधून कापल्या, आत पट्टी घालून रुंद केल्या, परत वेल्ड केल्या. चाकं बसली, पण अंगाबाहेर आली, आणि वळताना मडगार्डला घासायला लागली. ग्राइंडर घेऊन मडगार्ड कापले. तरी घासायचेच. मग स्प्रिंगच्या पाट्यांत एकेक जास्तीचा पाटा घातला, तेव्हा कुठं जमलं. या सगळ्या खटाटोपात गाडी चांगली हातभर उंच झाली. वर टपावर मी पाइपची चौकट बसवली आणि त्यावर चार मोठे लाइट. चिखलाशी त्या लाइटांचा काही संबंध नव्हता. ते लोकांनी पाहावेत म्हणून होते.

"आता चढाले शिडी आणा," बायको म्हणाली. पण ती गाडीला फेरी मारून पाहून आली, आणि हसू दाबत आत गेली. मी मनात म्हटलं, हिला आवडली. बस्, आता पोळ्याला तांडा पाहील.

आमच्याकडं पोळा म्हणजे दिवाळीपेक्षा मोठा. तांड्यात शिरायच्या रस्त्यावर कडुनिंबापासून शाळेच्या खांबापर्यंत आंब्याच्या पानांचं तोरण बांधतात. त्याच्या अलीकडं सगळ्या जोड्या सजून उभ्या राहतात. पहिली जोडी नायकाच्या, म्हणजे तांड्याच्या प्रमुखाच्या घरची. ती तोरणाखाली आली की नायक काठीनं तोरण तोडतो आणि मग बाकीचे बैल मागून सुटतात. तोरण तोडणं म्हणजे मान. सकाळपासून त्याच तोरणाखालून फटफट्या, ट्रॅक्टर जात-येत असतात, त्याचं कोणाला काही नसतं. तोरण मात्र नायकानंच तोडायचं.

आमचे नायक म्हातारे. नात्यानं माझ्या वडिलांचे चुलतभाऊ, म्हणून मी त्यांना काका म्हणतो. त्यांची शेती केव्हाचीच भाड्याच्या ट्रॅक्टरवर होते. घरच्या जोडीतला एक बैल लम्पीनं गेला, तेव्हा पोरं म्हणाली, उरलेला देऊन टाका, उगाच चारा कशाला. काका ऐकले नाहीत. तो एकटा बैल त्यांनी दारात बांधून ठेवला, फक्त या एका दिवसासाठी. पोळा आला की ते पलीकडच्या गावच्या सोयऱ्याकडून दुसरा बैल मागून आणायचे, दोघांना नाल्यावर धुवायचे, शिंगं रंगवायचे, आणि जोडी लावून पुढं उभे राहायचे. सगळ्या तांड्याला ते माहीत होतं. नायकी म्हणून त्यांच्याकडं आता तेवढंच उरलं होतं. भांडणं पोलीस ठाण्यात जातात आणि लग्नं पोरं आपसात जमवतात. नायकाला विचारतो कोण?

त्या दिवशी चाकांचे नट पुन्हा आवळता आवळता दुपार कलली. ट्रॅक्टरवाले आपापली वाहनं शाळेच्या भिंतीला लावून ठेवतात, बैलांनंतर त्यांचीही पूजा होते. मला तिथं पोचायचं होतं. मागच्या गल्लीनं जाता आलं असतं, पण टायर मोठे झाल्यावर गाडी त्या कोपऱ्यावर वळत नव्हती. असं मी नंतर सगळ्यांना सांगितलं. खरं कारण ते नव्हतं. खरं म्हणजे मला समोरून यायचं होतं, सगळ्यांच्या देखत.

जोड्या लागल्या होत्या. झडत्या चालू होत्या. पोळ्याला एक जण खड्या आवाजात झडती म्हणतो आणि शेवटी सगळे मिळून महादेवाच्या नावानं गर्जना करतात. त्या गोंगाटात मी रस्त्याच्या कडेनं, बैलांच्या बाजूनं, हळूहळू गाडी पुढं काढली. बैल कान टवकारत होते. त्या टायरांचा आवाजच तसा, दात खाल्ल्यासारखा. लोक वळून पाहायला लागले आणि माझी छाती फुगली.

तोरणाजवळ आलो तेव्हा लोक ओरडायला लागले. हात वर करून, नाचवून ओरडत होते. मला वाटलं, वा रे वा, काय खूश झालेत! मी खिडकीतून हात बाहेर काढला आणि हलवला. पुढारी हलवतो तसा. हसत होतो मी. आणि वर टपावर खर्रकन आवाज झाला, गाडी जराशी अडखळली, मी सवयीनं अॅक्सिलेटर दाबला, आणि आंब्याची पानं माझ्या बोनेटवर येऊन पडली.

हातभर उंच झालेली गाडी. सकाळपासून त्याच तोरणाखालून मी पायी गेलो-आलो होतो, आणि टपाकडं माझं एकदाही लक्ष गेलं नाही. ग्राइंडर, वेल्डिंग, पाटे, सगळं मोजून-मापून केलं, आणि उंची तेवढी विसरलो. असा गाढव मी.

गर्जना थांबली. मी इंजिन बंद केलं, तेव्हा घुंगरांशिवाय काही ऐकू येत नव्हतं. काका तोरणापासून चार पावलांवर उभे होते. डोक्याला लाल पागोटं, एका हातात कासरा, दुसऱ्या हातात तोरण तोडायची काठी. काठी अर्धी उचललेली होती.

मग एकदम सगळे बोलायला लागले. "दिसत नाई का बे तुले?" "आंधळा हाय का?" नायकाच्या हाताखाली तांड्याचं काम पाहणारा कारभारी, तो तर माझी कॉलरच धरणार होता. कोणी म्हणालं, गाठ मारा, परत बांधा, झालं. दोघं जण दोर घेऊन कडुनिंबावर चढायलाही लागले. मी खाली उतरलो होतो. "काका, मले वाटलं..." एवढंच म्हणालो. काय वाटलं ते कसं सांगू? की तुम्ही सगळे माझं कौतुक करून राह्यले, असं वाटलं?

"उतरा रे खाली," काका झाडावरच्यांना म्हणाले. "तुटलेलं तोरण गाठ मारून बांधत नसते. ज्यानं तोडलं त्याचा मान."

मला वाटलं, टोमणा आहे. मी त्यांच्या पाया पडायला वाकलो तर त्यांनी मला बाजूला केलं. रागानं नाही, वाटेतली खुर्ची सरकवावी तसं. सुनेच्या हातून पाण्याचा लोटा घेतला, कासरा कारभाऱ्याकडं दिला, आणि ते माझ्या गाडीच्या पुढच्या चाकाजवळ जाऊन वाकले. बैलाचे पाय धुतात तसं त्यांनी त्या टायरवर पाणी घातलं. खाचांत अडकलेला चिखल बोटांनी काढला. हळद-कुंकू लावलं.

"काका, नका ना, असं नका करू," मी म्हणत होतो. अख्खा तांडा पाहत होता. त्यांनी ऐकलं नाही. चार पाय म्हणजे चारही चाकं. मागच्या चाकापाशी त्यांना गुडघ्यात वाकता येईना, तेव्हा त्यांनी हात पुढं केला, आणि मी त्यांचा दंड धरला. मी धरून ठेवलं, आणि त्यांनी माझा टायर धुतला. त्यांनी मला चारचौघांत दोन थोबाडीत ठेवून दिल्या असत्या तर मी त्यांचे उपकार मानले असते.

"जा," ते म्हणाले. "तू गेल्याबिगर कोणाले सुटता येत नाई. पोरं उपाशी हायत."

मी गाडी चालू केली आणि पुढं नेली. मागून जोड्या निघाल्या. काकांची जोडी सगळ्यांत शेवटी आली, हे मी आरशात पाहिलं. मग आरशाकडं पाहायचं बंद केलं.

घरी आल्यावर बायको काही बोलली नाही. तिनं पुरणपोळी वाढली आणि समोरून उठून गेली. एरवी ती माझी एक चूक सोडत नाही, चार दिवस चघळते. त्या दिवशीचं तिनं पुन्हा कधी काढलं नाही, आणि मला त्याचाच जास्त त्रास झाला. दुसऱ्या दिवशी मी मोठी चाकं काढली, गोठ्यात नेऊन टाकली, वर गोणपाट झाकलं, आणि जुनी लहान चाकं परत बसवली. वर्षभर गाडी चिखलात रुतत राहिली. रुतली की मला जरा बरं वाटायचं.

या वर्षी पोळ्याच्या आधी काका माझ्या अंगणात आले. मी गाडीखाली होतो. पाय ओळखून घाईघाईनं बाहेर आलो, हात पुसले, खाट टाकली. ते बसले नाहीत.

"बैल लेकीच्या गावी देऊन टाकला," ते म्हणाले.

मी खाट त्यांच्याजवळ सरकवली.

"त्या एका दिवसासाठीच होता बेटा तो. मान तुह्याकडं गेला. आता तो दिवस माह्याकडं नाई, तं कायले बांधून ठेवू त्याले?" असं म्हणून त्यांनी गाडीच्या चाकांकडं पाहिलं. "हे काय? ते मोठे कुठं गेले?"

"काढून टाकले, काका. मले लाज वाटते."

"लाव ते. लहान्यावर टप तोरणाले पोचणार नाई. मान हाय तो, अर्धामुर्धा नसते करत."

मी म्हटलं, काका, मान तुमचा आहे, काठी घेऊन तुम्ही एकटेच या, बैल नसले तरी काय झालं, कोण काय म्हणणार आहे. ते हसले. तांड्यातल्या म्हाताऱ्यांच्या हसण्यात असतो तो कडवटपणा त्यात नव्हता. "जोडीबिगर नायक तोरणाखाली उभा राह्यला, असं पाह्यलं काय कधी?" ते म्हणाले. आणि त्यांनी मला मोठी चाकं आणायला लावली, तिथल्या तिथं. मी जॅक लावला. एकेक चाक बसवलं, नट आवळले. ते उभे राहून पाहत होते. सगळी लागल्यावर त्यांनी आपली काठी गाडीला लावून उभी धरली, वर पाहिलं. काठी पुरली नाही. तेव्हा त्यांनी मला डाल्यात चढायला सांगितलं आणि दोरीनं टपापर्यंतची उंची घ्यायला लावली. दोरीला जिथं गाठ मारली तिथं अंगठा दाबून त्यांनी दोरी खिशात घातली.

"कारभाऱ्याले देतो. याच्या चार बोटं खाली बांधन तो. नेमकं तुटलं पाह्यजे."

ते गेले. मी त्या टायरांकडं पाहत उभा राहिलो. खरं सांगतो, मला रडायला हवं होतं, आणि आतून रडूच येत होतं. पण त्याच वेळी माझ्या मनात आलं की यंदा लाइट नवे बसवावेत. तेवढ्यात बायको बाहेर आली, विचारलं, "काय म्हणे काका?" आणि मला जाणवलं की मी हसतो आहे.